दोन्ही बाजूंचे वैरागडे सर

वैरागडे सरांना कुणी "आज ऊन फार आहे" म्हटलं तरी ते विचारायचे, "काहून?" नागपुरात मे महिन्यात ऊन का, असं विचारणाऱ्याला लोक एकतर वेडा समजतील नाहीतर मास्तर. सर मास्तर होते. एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. तो विषय घेणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच असायची, आणि त्यातलीही निम्मी दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून आलेली. मुलं त्यांना पाठीमागे 'काहून सर' म्हणायची. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते वर्गात येऊन शांतपणे म्हणाले, "तुम्ही मले काहून सर म्हणता असं ऐकलं. काहून?" वर्ग हसून लोळला आणि तास तिथेच सुटला.

माझी ताई, सुनीता, त्या मुलांपैकी एक. मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. माझा तर्कशास्त्राशी संबंध नाही, मी बँकेत आहे. पण ताई जिथे जाईल तिथे मी शेपटासारखी जायची, म्हणून सर मलाही मिळाले. त्यांच्याबद्दल लिही, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यात एकेकाळी आम्ही दोघी पहिल्या होतो. प्रेमानं लिहायचं ठरवूनच बसले होते. जमेल असं वाटत नाही, पण जे चांगलं होतं ते लपवणार नाही.

सर बुटके, अंगानं शेलाटे. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, तोही स्वतः इस्त्री केलेला. बायकोनं केलेल्या इस्त्रीला ते नावं ठेवायचे आणि ती का योग्य नाही याची तीन कारणं द्यायचे, म्हणून काकूंनी एक दिवस इस्त्रीच त्यांच्या हातात दिली. काकूंचं म्हणणं असं होतं की या माणसाशी भांडायची काही मजाच नाही. "मी चिडली की हे माहीच बाजू घेऊन बोलतात वं," त्या सांगायच्या. "अन् माह्यापेक्षा चांगली बोलतात. मंग मी कोणाशी भांडू?" आम्ही हसायचो. त्या मात्र फार हसत नसत, हे आता आठवतं.

निवृत्त झाल्यावर सरांनी सक्करदऱ्यात एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत बैठक सुरू केली. दर रविवारी सकाळी वीस-पंचवीस माणसं जमायची. वकील, शिक्षक, एखादा डॉक्टर, वीज मंडळातले निवृत्त लोक, कॉलेजची पोरं. खाली तर्रीपोह्यांचा ठेला होता. त्याच्या वासानं वरच्या वादाला धार यायची, किंवा वाद लवकर संपायचा. बैठकीचा एकच नियम होता आणि तो सरांनी काढलेला. ज्याला बोलायचं त्यानं उभं राहून आपलं मत मांडायचं. तो चांगला रंगात आला की सर स्कूटरची किल्ली स्टीलच्या पेल्यावर वाजवायचे. किल्ली वाजली की त्यानं न बसता, न थांबता, उलट बाजूनं बोलायचं. तितक्याच जोरानं. इतका वेळ फाशी असावी म्हणणाऱ्यानं फाशी नसावी म्हणून दाखवायचं. आणि किल्लीनंतर जे बोललं जाईल ते बोलणाऱ्याच्या नावावर धरायचं नाही, खोलीबाहेर न्यायचं नाही. "ज्याले दुसरी बाजू येत नाही, त्याले स्वतःचीही येत नाही," सर म्हणायचे. आम्हाला ते फार पटायचं. मला अजूनही पटतं, राग त्याचाच येतो.

गर्भपातावर बैठक होती त्या रविवारी कॉलेजातला एक मुलगा फार जोरात बोलला. जीव म्हणजे जीव, हत्या म्हणजे हत्या, हल्लीच्या पोरींना जबाबदारी नको, वगैरे. आवाज चांगला होता, पाठांतरही. किल्ली वाजली. "बोल नं गा," सर म्हणाले. त्याला एक वाक्य सुचेना. सरांनी त्याला बसवलं नाही, हसलेही नाहीत. म्हणाले, "जे तुह्या पोटात कधी वाढणार नाही, त्याच्यावर तू लई सोपं बोलला. आता या बायका बोलतील, तू उभा राहून ऐक." आणि तो मुलगा खरंच शेवटपर्यंत उभा राहून ऐकत राहिला. पुढे तो बैठकीचा नेमाचा माणूस झाला.

त्या दिवशी सर ज्या विषयावर इतकं जपून बोलले त्यामागे काय होतं ते खोलीत फक्त ताईला आणि मला माहीत होतं. थोड्याच दिवसांपूर्वी ताईची एक मैत्रीण अडचणीत सापडली होती. लग्न ठरलं होतं, मोडलं, आणि मोडल्यानंतर तिला कळलं की दिवस गेलेत. ती सरांकडे आली, कारण घरी सांगण्यासारखं कुणी नव्हतं. सरांनी तिला ठेव म्हटलं नाही आणि नको ठेवू असंही म्हटलं नाही. अख्खी दुपार तिला बोलू दिलं. मधेमधे फक्त त्यांचं ते "काहून?", पण अगदी हळू. शेवटी तिचं तिनंच ठरवलं, आणि काकू तिच्यासोबत दवाखान्यात गेल्या. नंतरच्या त्या बैठकीत सरांनी तिची सावलीसुद्धा पडू दिली नाही. कुणी "एखादं उदाहरण द्या" म्हणालं तर म्हणाले, "उदाहरण म्हणजे कोणाचं तरी घर असते. बिना उदाहरणाचं बोला." हे वाक्य ताईनं घरी येऊन बाबांना सांगितलं. तुहे सर म्हणजे तिजोरी आहे, असं बाबा म्हणाले.

बाबांचं नाव दौलत. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांची नोकरी झाली, आम्ही दोघी तिथल्याच कॉलनीत वाढलो. आई लवकर गेली. मुलगा नाही, याचं वाईट बाबांपेक्षा नातेवाइकांना जास्त वाटायचं. निवृत्तीनंतर सक्करदऱ्यात घर घेतलं आणि बाबांना रविवारची चटक लागली. बोलायचे नाहीत. भिंतीला टेकून बसायचे, किल्ली वाजली की लहान मुलासारखे खूश व्हायचे.

एकदाच बोलले. इच्छामरणाचा विषय होता. कोर्टाच्या कुठल्याशा निकालामुळे तेव्हा पेपरात, टीव्हीवर सगळीकडे तेच चाललं होतं. वकिलांनी कायदा सांगितला, डॉक्टरांनी डॉक्टरकी सांगितली, आणि मग बाबा उठले. म्हणाले, "मी जनमभर मशीन चालवली. आता मशीननं मले चालवाचं नाही. माही वेळ आली तं मले नळ्या लावून ठेवू नका, घरी घेऊन या. पोरींले सांगून ठेवलं आहे." टाळ्या पडल्या. बाबा बसायला लागले तर सरांनी किल्ली वाजवली.

बाबा गोंधळले. "आता उलट बोलाचं म्हणता?"

"नियम आहे, दौलतराव."

बाबांनी डोकं खाजवलं. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "मशीनवर ठेवलं तं पोरी आणखी चार दिवस हात धरून बसतील. बस. बाकी मले सुचत नाही."

सगळे हसले. सरही हसले, पण त्यांनी मान डोलावली ती वेगळी. एखादा गवई दुसऱ्याच्या गाण्यातल्या जागेला डोलावतो तशी.

त्यानंतर दोन पावसाळे गेले असतील. बाबांची छाती आधीपासून थकलेली होती. त्यात झटका आला, हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी सुरू केलं, पण तेवढ्यात मेंदूला मार बसला होता. बाबा आयसीयूत व्हेंटिलेटरवर. डॉक्टर भले होते, त्यांनी गोल गोल सांगितलं नाही. मशीन आहे तोवर श्वास आहे, माणूस परत येणार नाही. ठेवायचं की घरी न्यायचं, तुम्ही ठरवा. उमरेडहून मोठेबाबा आले होते, बाबांचे थोरले भाऊ, हातमागावर बसून पाठीला बाक आलेले. ते एकच म्हणत होते, "श्वास चालू आहे नं? मंग?"

ठरवायचं ताईला होतं. मी थोरली नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला झेपलंच नसतं. ताई आयसीयूबाहेरच्या बाकावर दोन दिवस बसली. बाबांनी काय सांगून ठेवलं होतं ते तिला पाठ होतं. पण सांगितलेलं ऐकणं आणि ते करणं यात फार अंतर आहे. तिसऱ्या दिवशी सर आले. हेल्मेट काखेत, शर्टाला इस्त्री नव्हती. तिच्या शेजारी बसले. मी समोरच्या भिंतीला टेकून उभी होते.

ताई म्हणाली, "सर, मी घरी न्यायचं म्हणते. माही चूक तं नाही होऊन राहिली?"

सरांनी त्या दिवशी 'काहून' विचारलं नाही. ते म्हणाले, "बिलकुल नाही. हेच बरोबर आहे. मी तुह्या जागी असतो तं हेच केलं असतं."

तेवढ्या एका वाक्यावर ताई उठली आणि डॉक्टरांकडे गेली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ती उठली नसती. दोन्ही बाजू बोलू शकणारा माणूस जेव्हा एकच बाजू बोलतो तेव्हा त्याला वजन असतं, असं आम्हाला वाटलं.

बाबांना घरी आणलं. सोबत आलेल्या नर्सनं त्यांच्याच पलंगावर, त्यांच्याच चादरीवर नळी काढली. विहारातले भंतेजी आणि दोन-तीन माणसं बाहेरच्या खोलीत वंदना म्हणत होती. ताईनं बाबांचा हात धरला होता. मी पायाशी होते. नळी निघाल्यावर थोड्या वेळानं बाबा गेले. मला एवढंच दिसलं.

ताईला आणखी काही कळलं होतं. ते तिनं मला सांगितलं नाही, मोठेबाबांना सांगितलं नाही. आठवडाभर ती जेवत नव्हती, झोपत नव्हती. मग सर आले तेव्हा मी चहा घेऊन गेले आणि दाराशीच थांबले, कारण ताई बोलत होती. नळी काढली तेव्हा बाबांनी तिचं बोट धरलं होतं. घट्ट. लहान मूल धरतं तसं. आणि मग हळूहळू सोडलं.

"ते शरीर असते वं, सुनीता," सर म्हणाले. "नसांचं काम आहे. माणूस त्याच्या आधीच गेलेला असते. तू त्याच्यात काही शोधू नको."

ताई खूप रडली. त्या दिवशी ती दोन घास जेवली आणि झोपली. मी सरांना फाटकापर्यंत सोडायला गेले, तेव्हा वाकून त्यांच्या पाया पडले. आमच्या घरात कुणी कुणाच्या पाया पडत नाही. बाबा असते तर रागावले असते.

आता पुढचं.

वर्ष भरत आलं होतं. शहरातल्या डॉक्टर-वकिलांच्या एका संस्थेनं मोठा कार्यक्रम ठरवला. 'सन्मानानं मरण : हक्क की हत्या?' अशी जाहीर चर्चा. मोठं सभागृह, व्यासपीठ, फुलं, कॅमेरे. वक्त्यांमध्ये सर. इच्छामरणाच्या बाजूनं नागपुरात त्यांच्याइतकं चांगलं कोण बोलणार? ताईला फार आनंद झाला. मोठेबाबा त्या वर्षभरात आमच्याकडे आले नव्हते. फोनवर बोलायचे, पण "तुमी घाई केली" हे कुठेतरी यायचंच. ताईला त्यांना समजावता येत नव्हतं. तिला वाटलं, सरांच्या तोंडून ऐकलं तर त्यांना पटेल. तिनं त्यांना उमरेडहून बोलावून घेतलं. एसटीनं आले, धुतलेलं धोतर नेसून. ताईनं आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलं.

सर पहिल्यांदा बोलले ते अप्रतिम बोलले. माणसाचं मरण हे त्याच्या जगण्याचाच भाग कसं आहे, यंत्राला लाज नसते पण माणसाला असते, वगैरे. मोठेबाबा मान पुढे काढून ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी ताईच्या हातावर थोपटलं. मी ते पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात सूत्रसंचालक कौतुकानं म्हणाला की सरांच्या बैठकीची एक खासियत आहे, आणि ती आज आपण सगळ्यांनी अनुभवावी. त्यानं टेबलावरच्या पेल्यावर पेन वाजवलं.

सर हसले. मायक्रोफोन जवळ ओढला आणि एक क्षणही न थांबता उलट्या बाजूनं बोलायला लागले. सुरुवातीला नेहमीचंच. गरिबांवर दबाव येईल, म्हाताऱ्यांना ओझं वाटेल. सभागृह थोडं सैल झालं होतं. सरांना श्रोते सैल झालेले चालायचे नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला.

"एक घर मला माहीत आहे," ते म्हणाले. "बाप यंत्रावर होता. मुलीनं ठरवलं, घरी न्यायचं. डॉक्टर हो म्हणाले. मीसुद्धा हो म्हणालो. नळी काढली. आणि ज्याच्यात आता काही उरलं नाही असं आम्ही सगळ्यांनी मान्य केलं होतं, त्या माणसानं आपल्या मुलीचं बोट घट्ट धरलं. आम्ही तिला सांगितलं, ते नसांचं काम आहे. आम्हाला कसं माहीत? ते बोट काय म्हणत होतं? जाऊ दे म्हणत होतं, की थांब म्हणत होतं? ज्याला बोलता येत नाही त्याची शेवटची खूण आम्ही आमच्या सोयीनं वाचली. आणि हाच माणूस एकदा भरल्या बैठकीत म्हणाला होता, मला ठेवलं तर पोरी आणखी चार दिवस हात धरून बसतील."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझ्या शेजारची बाई पदरानं डोळे पुसायला लागली. नाव त्यांनी घेतलं नव्हतं. नाव घेतलं नाही म्हणजे सांगितलं नाही, असा कुठला तर्क असेल तर तो त्यांच्याच शास्त्रात असेल. बैठकीतली पंधरा-वीस माणसं तिथे होती, त्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. आणि मोठेबाबांना तर कुणी वळून पाहायची गरज नव्हती.

"हे आपल्या दौलतचं सांगून राहिले का?" त्यांनी विचारलं.

ताई व्यासपीठाकडेच बघत राहिली.

"त्यानं तुहं बोट धरलं होतं?" मोठेबाबांचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. "तू मले सांगतलं नाही वं माय."

मी मधे पडले. म्हणाले, मोठेबाबा, हा खेळ असतो, सर आता उलट बाजूनं बोलतात, हे त्यांचं मत नाही. उमरेडहून एसटीनं आलेल्या सत्तरीच्या माणसाला मी कसं समजावणार होते की शहाणी माणसं सार्वजनिक ठिकाणी आपल्याला न वाटणारं इतक्या कळवळ्यानं बोलतात? आमच्या खोलीतला नियम त्या सभागृहात कुणालाच माहीत नव्हता. सरांना तो माहीत होता, आणि आपण जिथे उभे राहू तिथे तो आपल्यासोबत येतो असं त्यांना वाटत होतं. मी त्यांची बाजू घेऊन जास्तीत जास्त एवढंच म्हणू शकते. याहून जास्त घ्यायची इच्छा नाही.

बाहेर सर माणसांच्या गराड्यात होते. आम्हाला पाहिल्यावर वाट काढत आले. चेहरा उजळलेला. ताईला म्हणाले, "कशी झाली दुसरी बाजू?"

त्यांनी खरंच असं विचारलं.

ताई म्हणाली, "चांगली झाली, सर." आणि मोठेबाबांचा हात धरून पायऱ्या उतरली.

मोठेबाबा त्या दिवशी जेवायलाही थांबले नाहीत. बसस्टँडवर एवढंच म्हणाले, "थांब म्हणत असन तो. लहानपणी अंधारात निंगालो का असाच धराचा मले." बाबांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला ते आले नाहीत. निरोपही नाही. आणि ताई, जिनं एका वाक्याच्या आधारानं ते सगळं पेललं होतं, ती मोडली. एरवी कामं करायची, ऑफिसला जायची. पण मधेच भाजी चिरताना थांबून मला विचारायची, "तुले काय वाटते, थांब म्हणत होते?" त्या नर्सचा नंबर शोधून तिला फोन केला. दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनी तेच सांगितलं जे सरांनी आधी सांगितलं होतं. नसांचं काम. पण आता ते ऐकून तिला झोप येत नव्हती. हेच वाक्य ज्यानं पहिल्यांदा दिलं होतं, त्यानंच ते पाचशे माणसांसमोर काढून घेतलं होतं.

मला सरांचा इतका राग आला होता की मी महिनाभर त्यांचे फोन उचलले नाहीत. शेवटी मीच केला आणि म्हणाले, घरी या.

ते लगेच आले. ताईनं चहा ठेवला. सरांना काहीतरी बिघडलंय हे कळलं होतं, पण काय ते कळलं नव्हतं. मी सांगितलं. अगदी स्पष्ट, एकेक. मोठेबाबांचं, नर्सचं, भाजी चिरण्याचं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "पण सुनीता, तुले तं माहीत आहे. ते किल्लीनंतरचं होतं. तो युक्तिवाद होता."

"हो सर," ताई म्हणाली. "ते मले समजलं. मले दुसरंच विचाराचं आहे."

"विचार नं."

"त्या दिवशी बाकावर तुम्ही म्हटलं, हेच बरोबर आहे, मी असतो तं हेच केलं असतं. ते तुमचं होतं का?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा. फक्त हो म्हणा. खोटं असलं तरी म्हणा, ती आयुष्यभर तेवढ्यावर जगेल. त्या क्षणी सरांना दुसरं काही करायचं नव्हतं. एक बाजू घ्यायची होती आणि ती धरून बसायचं होतं.

पण ते विचार करायला लागले. प्रामाणिकपणे. डोळे मिटून आठवायला लागले, आणि तेव्हाच मला कळलं की संपलं.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "मले तेव्हा काय वाटत होतं ते मले माहीत नाही. तुले त्या वेळेस जे लागत होतं, ते मी बोललो."

ताईनं मान हलवली. "बरं," म्हणाली. "चहा घ्या, थंडा होऊन राहिला." आणि उठून आत गेली. मोरीत पाणी सोडल्याचा आवाज आला. भांडी काही नव्हती तिथे.

सरांनी चहा पूर्ण प्यायला. थोडा वेळ बसले, ताई बाहेर येईल म्हणून. ती आली नाही. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले, पोचवायला नाही, गेले की नाही ते बघायला. त्यांनी हेल्मेट घातलं, किल्ली लावली, आणि किक मारायच्या आधी थांबले. माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता, आणि डोळ्यांत मात्र ती ओळखीची चमक आलेली होती.

"दुःखातल्या माणसाशी सांत्वनापुरतं खोटं बोलावं का?" ते म्हणाले. "याच्यावर एकदा बैठक घ्याले पाहिजे वं. लई चांगला विषय आहे."

ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी फाटक ओढून घेतलं आणि आत ताईकडे गेले.